शेंदराखालची रायफल

डोंगरकडा,
४ ऑक्टोबर २०२३

भावजी किसनराव यांना नर्मदाबाईचा लांबूनच नमस्कार.

लांबूनच, कारण जवळून तुमचं तोंड बघायची मला हौस न्हाई. तुमच्याशी बोलणार न्हाई अशी शपथ मी शिवाच्या बापाच्या तेराव्याला घेतली, साऱ्या भावकीसमोर. पण लिहिणार न्हाई अशी काही घेतली नव्हती. जे येतच न्हाई त्याची शपथ कशाला वाया घालू? तवा मी सांगून राहिले अन् मंजुषा लिहून राहिली. सूनबाईचं अक्षर चांगलं हाय, वाचता आलं न्हाई म्हणून सांगू नका.

आता कामाचं. भागूबाई काल माहेरी आली. तुमच्याच गल्लीत दिलेली पोरगी, तिला खोटं बोलायची अक्कल न्हाई. ती म्हणाली, किसनकाका दिवसभर ओट्यावर बसून रायफल घासत होते. रॉकेल घेतलं, चिंध्या घेतल्या, सगळा शेंदूर काढला अन् लाल नाडा विळीनं कापला. देवाला रॉकेलनं आंघोळ घालणारे तुमीच पहिले बघा.

त्या रायफलीला शिवाच्या बापानं स्वतःच्या हातानं शेंदूर लावला होता. गोळी भरायला मागं ओढतात त्या खिट्टीवर असा थापला होता की खिट्टी दिसू नये. वरून नाडा बांधला अन् देवघराच्या कोपऱ्यात उभी केली. शिवाचं लग्न जमलं त्या साली. तवापासून गावानं तिला हात जोडले. दसऱ्याला पहिलं पान तिला, पोळ्याला पहिला नैवेद्य तिला. डुकरिणीच्या डोळ्यांत माणसाला आई दिसली अन् त्यानं शस्त्र खाली ठेवलं, मटण सोडलं, ही गोष्ट डोंगरकड्याच्या शाळेतली लेकरं बी सांगतात. मारुतीच्या सभामंडपात त्याचा फोटो हाय, तुमीच खिळा ठोकला होता.

अन् तेराव्याच्या दिवशी, हाराची फुलं सुकली नव्हती तर तुमी ती रायफल उचलून ठाण्यात जमा केली. कायदा हाय म्हणालात. असंल. मग माझ्या शिवाची ‘हरकत न्हाई’ म्हणून सही घेतली, ती बी मी कापसात असताना. परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. तेही असंल. मी रायफल परत मागून राहिले न्हाई. मला ती चुलीत घालायला बी नको.

एवढंच सांगते, की शेंदूर पुन्हा लावा अन् नाडा बांधा. तुमच्याकडचा शेंदूर सरला असंल तर मी पाठवते, त्याला काही वैर आडवं येत न्हाई.

नर्मदाबाई
(इथे सासूबाईंनी अंगठा उमटवला आहे. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे, काका राग नसावा. — मंजुषा)


गोरेगाव,
९ ऑक्टोबर २०२३

वहिनींस,

पत्र मिळालं. सुनेचं अक्षर खरोखर चांगलं आहे. तेवढीच एक चांगली गोष्ट त्या पत्रात होती.

शेंदूर लावून दगडाचा देव होतो हे मला मान्य आहे. रायफलीचा होत नाही. ती माझ्या नावावर आहे, परवान्यावर माझा फोटो आहे आणि तो फोटो हार घातलेला नाही. मी अजून जिवंत आहे हे तुमच्या लक्षात असावं.

आमच्याकडे काय चाललं आहे ते तुम्हाला डोंगरकड्यात बसून कळणार नाही. डुकरांनी मका आडवा केला. हळदीच्या सऱ्या नांगर घातल्यासारख्या उकरल्या. तातेरावदादांना डुकरिणीच्या डोळ्यांत आई दिसली. मला माझा मका दिसतो. वनखात्याकडे अर्ज केला, हेलपाटे घातले, परवानगी आणली. दसऱ्यानंतर डुकरं उठवायला माणसं लावून हाका घालणार आहे.

काडतुसंही वाटेल तिथून आणलेली नाहीत. नांदेडच्या परवानाधारक दुकानातून पावतीसकट घेतली आहेत. परवान्यावर ३१५ बोर, रायफलीच्या नळीवर ३१५, काडतुसाच्या बुडावर ३१५. तिन्ही ठिकाणी एकच आकडा. एका बोरच्या रायफलीत दुसऱ्या बोरचं काडतूस घातलं तर घात होतो एवढं मलाही कळतं, म्हणून दुकानदाराला मी तीन वेळा विचारलं. शाळेची पायरी चढला असतात तर आकडा म्हणजे काय हे तुम्हालाही कळलं असतं.

खरं कारण मला ठाऊक आहे. थोरल्या घरातली रायफल धाकट्याच्या घरात आली, हे तुम्हाला सोसत नाही. आई असतानाही असंच होतं. दुभती म्हैस थोरल्याला आणि भाकड धाकट्याला.

आता लिहू नका. फोनही करू नका. शिवशंकरचा नंबर मी बंद करून ठेवला आहे.

किसनराव


डोंगरकडा,
१५ ऑक्टोबर २०२३

भावजी,

लिहू नका म्हणालात, म्हणून लिहिते. म्हशीचं अजून लक्षात ठेवलं, मोठी आठवण हाय तुमची. पण ती भाकड म्हैस तुमाला दिली तवा गाभण होती अन् पुढं तुमी तिच्या दुधावर खवा विकला, हे कसं विसरलात?

आकडे जुळले म्हणता. तुमच्या दादाचे अन् माझे छत्तीस गुण जुळले होते. जोशीबुवानं पंचांग मिटून सांगितलं, अशी जोडी मराठवाड्यात न्हाई. पहिल्याच नागपंचमीला त्यांनी ताट फेकलं अन् मी वरणाचं पातेलं. जुळलेल्या आकड्यांचं मला नका सांगू.

आता बांगडीचं सांगते, ते तरी ऐका. आमच्या इथं कासार येतो. मी त्याला म्हणते, बाबा, माझं माप सव्वादोन, सगळ्या जन्मात सव्वादोनच भरली. तो हसतो अन् आधी हात दाबून बघतो. म्हणतो, आजी, आकडा बांगडीवर असतो, हात तुमचा असतो. हाडं वाढली, गाठी आल्या. आता जुन्या आकड्यावर भरली तर बांगडी फुटंल अन् काच मनगटात जाईल. कासाराला कळतं ते तुमाला काहून कळत न्हाई? तुमी बांगडीवरचा आकडा वाचला, नळीवरचा वाचला. हात कुणी दाबून बघितला?

भागूबाईच्या हाती कुरडयांचा डबा पाठवला हाय. कुरडया रुख्मिणीला, तिचं माझं काही वैर न्हाई. तुमच्याशी संसार करते म्हणून कीवच येते. डब्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक पितळी पुंगळी हाय. काडतुसाचं रिकामं टरफल. इतकी वर्षं मी त्यात दाभण ठेवत होते. तुमचं नवं काडतूस तिच्या शेजारी उभं करा अन् नीट बघा. बघायला शाळा लागत न्हाई.

ह्याच्या पुढं मी सांगणार न्हाई. ज्याचं नाव त्यात जाईल, त्याला आता उठून उत्तर देता येत न्हाई.

दसऱ्याला सोनं पाठवणार न्हाई. तुमच्याकडं आपट्याचं झाड हाय.

नर्मदाबाई
(अंगठा)


गोरेगाव,
२७ ऑक्टोबर २०२३

नर्मदाबाई,

वहिनी म्हणायची माझी आता इच्छा नाही.

सणाच्या दिवशी कुरडयांच्या डब्यात फुटलेलं काडतूस पाठवणं, याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ही धमकी आहे. रुख्मिणीनं डबा उपडा केला आणि ते परातीत खणकन पडलं. तिच्या हातातला तांब्या सुटला. दिवसभर ती देवापाशी बसून होती. कुरडया आम्ही गुरांपुढे टाकल्या.

तुमची ती पुंगळी पोलीस पाटलांना दाखवली. ते म्हणाले, तक्रार देता का? मी म्हणालो, घरातली म्हातारी आहे, नवरा गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. एवढ्यावर मिटवलं. पुन्हा काही पाठवलंत तर मिटवणार नाही. शेजारी उभं करून बघा म्हणे! काय बघू? माझं काय होईल ते?

तुमच्या शापाला मी भीत नाही हे कळावं म्हणून सांगतो. दसऱ्याला रायफलीची पूजा केली, शेंदूर न लावता. दुसऱ्या दिवशी बांधाजवळच्या मातीच्या ढिगावर दोन गोळ्या उडवून बघितल्या. दोन्ही सरळ गेल्या. पहिलीला काहीच झालं नाही. दुसरीची पुंगळी आत अडकून बसली, बोल्ट मागे येईना; लाकडी ठोकणीनं ठोकून काढला. थोडा धूर मागून आला आणि डोळे चुरचुरले. इतकी वर्षं पडून असलेल्या रायफलीचं एवढं चालायचंच. आत तेल सोडलं आहे, आता सुरळीत होईल.

येत्या पाच तारखेला, रविवारी, मक्यात हाका आहे. वीस-पंचवीस माणसं येणार आहेत. मी बांधावर बसणार. पहिलं डुक्कर पडलं की एक भुईनळा तुमच्या नावानं लावीन.

किसनराव


डोंगरकडा,
३ नोव्हेंबर २०२३, दुपार

किसनराव,

तुमचं पत्र आत्ता आलं. उत्तर डाकेत टाकत न्हाई, शिवा मोटारसायकलवर घेऊन येतो. त्याला यातलं काही माहीत न्हाई. पाकीट डिंकानं चिकटवलं हाय. त्याच्यासमोर वाचू नका. वाचताना तुमचं तोंड कसं होईल ते लेकरानं बघायला नको. त्याला चहा द्या, आत जा अन् उभ्यानं न्हाई, बसून वाचा.

पहिलं एवढं करा. रायफल रिकामी करा. आत काडतूस असंल तर काढा, नळीचं तोंड मातीकडं ठेवा, घरात कुणाकडं वळवू नका. मग पुढचं वाचा.

केलं? आता ऐका.

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. आज घेऊन सांगते, म्हणजे कुणाचं सांगते यात शंका नको. तुमच्या तातेरावदादाला कुठल्या डुकरिणीच्या डोळ्यांत आई दिसली न्हाई. त्याला डोळ्यांपुढं नुसता जाळ दिसला.

शिवाचं लग्न जमायच्या आधीच्या सालात नांदेडला काडतुसं मिळंनात. आज येतील, उद्या येतील असं दुकानदार सांगत होता अन् डुकरं तर रोज येत होती. तुमच्या दादाचा स्वभाव तुमाला माहीत, थांबणं हा त्याच्या लेखी अपमान. हैदराबादेकडच्या कुणा ओळखीच्याकडून दुसऱ्या जातीची काडतुसं आणली. ती आत पूर्ण बसत न्हवती. माणूस म्हणला असता, बसत न्हाई म्हणजे आपली न्हाई. हा म्हणला, बसवतो. वसमतला एक लेथवाला होता, पंपाचे दांडे कातून द्यायचा. त्याच्याकडं रायफल नेली अन् गोळी जिथं बसते ते घरच आतून कोरून घेतलं. लेथवाला हो म्हणाला, कारण पाटलाला न्हाई कोण म्हणंल?

मग बसली. जावई मोठा झाला म्हणून कुणी दार पाडतं का? पण पाडलं.

पुढं काही महिन्यांनी नांदेडला बराबर काडतुसं आली, तुमच्यासारखीच, आकडा जुळलेली. हा खुश. आता सरकारी काडतूस, आता कशाची भीती? किसनराव, नळीवरचा आकडा कारखान्यातला हाय. आतलं घर लेथवाल्याचं हाय. आकडा तिथंच राहिला अन् घर वाढलं. ढिल्या घरात गोळी उडाली की पितळ फुगतं, चिरतं, अन् जाळ पुढं जायच्या ऐवजी माणसाच्या तोंडावर येतो.

तुमी लिहिलं, पहिलीला काही झालं न्हाई. त्याच्या बी पहिलीला झालं न्हाई. दुसरी अडकली, ठोकून काढली. त्याची बी अडकली, त्यानं बी ठोकली, त्याचे बी डोळे चुरचुरले, त्यानं बी आत तेल सोडलं. तुमी दोघं एका आईचे, यात मला आजपर्यंत शंका होती, ती गेली. तिसरीला पुंगळी बुडापाशी फाटली. भिवई जळाली, गालाची कातडी निघाली, उजवा कान कायमचा गेला. मी शेतातल्या आखाड्यावर भाकरी घेऊन चालले होते. बांधावर बसून तो स्वतःच्या गालाला हात लावून बघत होता, गाल हाय का म्हणून. तुमाला सांगितलं, स्टोव्ह भडकला. तुमी विश्वास ठेवलात. जन्मात चुलीसमोर न बसलेला माणूस स्टोव्ह काहून पेटवंल, हे एकानं बी विचारलं न्हाई.

तीच फाटलेली पुंगळी मी पाठवली होती. धमकी म्हणे! तुमाला धमकी द्यायला मला पितळ लागत न्हाई.

रायफल ठाण्यात द्यावी तर विचारतील, घर कुणी कोरलं. घरात ठेवावी तर शिवा जवान, त्याला रायफलीचा नाद. मग तुमच्या दादानं डोकं चालवलं. खिट्टीवर शेंदूर थापला, नाडा बांधला अन् डुकरिणीची गोष्ट रचली. आपल्या लोकांना ‘हात लावू नका, घात होईल’ म्हणलं तर दहा जण लावून बघतात. शेंदूर लावला की कुणी लावत न्हाई. तुमी सोडून. पुढं मटण सोडल्याचं सोंग बी आलं. कान गेल्यामुळं कुणी हाक मारली तर ऐकू यायचं न्हाई, तर गाव म्हणायचं, मालक ध्यानात हाईत. मरेपर्यंत मी त्या ध्यानस्थ माणसाला आखाड्यावर चोरून कोंबडी शिजवून घातली.

हे मंजुषा लिहून राहिली. दोनदा म्हणाली, आत्या, हे खरंच लिहू? लिही म्हणलं. फोटो पडला तर पडू दे, भिंत तर राहील.

तुमी मला आवडत न्हाई, किसनराव. तेराव्याच्या दिवशी बी आवडत नव्हता अन् आज बी न्हाई. पण स्वतःचा गाल चाचपत बसलेले तुमी रुख्मिणीला दिसू नका; तसं मी एकदा बघितलंय. परत कुणाचं बघायचं न्हाई.

नर्मदाबाई
(अंगठा)


गोरेगाव,
१८ नोव्हेंबर २०२३

वहिनींस,

रविवारी हाका झाला नाही. मला ताप आला असं लोकांना सांगितलं.

शिवशंकर गेल्यावर तुमची पुंगळी, माझ्या दोन पुंगळ्या आणि एक नवं काडतूस असं खिडकीत ओळीनं उभं केलं. रुख्मिणी शेजारी होती. नवं काडतूस सरळ. बाकीच्या तिन्ही बुडाशी फुगलेल्या, गाभण शेळीसारख्या. माझ्या दुसरीवर बुडाच्या वर गोल चकाकती रेघ उमटली आहे. तुमची फाटली आहे ती बरोबर त्याच रेघेवर. तिनं नवं काडतूस उचलून डब्यात ठेवलं आणि आत जाऊन पडली.

दिवाळी झाल्यावर नांदेडला परवानाधारक कारागिराकडे गेलो. त्यानं आत माप घालून पाहिलं. ज्या मापावर बोल्ट बंद व्हायलाच नको, त्यावर तो सहज बंद झाला. तो म्हणाला, नळीवर लिहिलंय ते काडतूस आणि आत आहे ते घर, यांचा आता काही संबंध उरलेला नाही. आणि आत तेल कुठल्या शहाण्यानं सोडलं, असंही विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. त्याच्याकडून तसं लेखी घेऊन रायफल ठाण्यात जमा केली. नष्ट करा असा अर्ज दिला. कोणी कोरली असं फौजदारानं विचारलं. जुनी आहे, माझ्याकडे अशीच आली, एवढं सांगितलं.

तुमचे उपकार मानावेत असं रुख्मिणीचं म्हणणं आहे. मी मानत नाही. तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी तुम्ही परवाना होईपर्यंत गप्प बसलात. शेंदूर लावा, बांगडी भरा, दाभण काढा! मी त्या बोल्टला गाल चिकटवून नेम धरला, तेव्हा तुम्ही कोडी घालत होता. माझा जीव मोठा की मेलेल्याचं नाव?

आणि दादा. मी त्याच्या पाया पडत आलो. त्याची गोष्ट माझ्या नातवंडांना सांगत आलो. तो संत नव्हता. भित्रा होता.

वर्षश्राद्धाला मारुतीसमोर मी चार शब्द बोलावेत असं डोंगरकड्याच्या लोकांनी कळवलं आहे. मी येणार आहे. काय बोलायचं ते माझं मी ठरवीन.

किसनराव


डोंगरकडा,
२५ नोव्हेंबर २०२३

भावजी,

बोला. मी बायकांच्या पहिल्या रांगेत बसते. माझे दोन्ही कान शाबूत हाईत.

पण भित्रा म्हणायच्या आधी एक करा. भित्र्यानं ती रायफल विकली असती. इतक्या जणांनी मागितली होती, सेनगावचा एक तर बैलजोडी द्यायला तयार होता. घेणाऱ्याचा गाल गेला असता, ह्याचं काय गेलं असतं? ह्यानं विकली न्हाई. स्वतःच्या जिभेला कुलूप घातलं, देवळात संताचं सोंग घेतलं, कोंबडी चोरून खाल्ली, पण रायफल दुसऱ्याच्या हातात दिली न्हाई. लबाड म्हणा, मी बी म्हणते. भित्रा म्हणलात तर उठून उभी राहीन अन् शपथ मोडीन, मग बघा.

तुमचा जीव मोठा की मेलेल्याचं नाव, असं विचारलंत. तुमचा जीव. पण थोडासाच.

नर्मदाबाई
(अंगठा)


डोंगरकडा,
२२ डिसेंबर २०२३

भावजी किसनराव यांना नर्मदाबाईचा जवळून नमस्कार, कारण परवा तुमाला जवळून बघितलं. म्हातारे झालात.

तुमी उठलात, खिशातून कागद काढला, चष्मा लावला अन् खाकरलात. शिवा माझ्याकडं बघून हसला, काका काय छान बोलतात म्हणून. मी मंजुषाचा हात धरला.

मग तुमी कागद घडी करून परत खिशात ठेवला.

अन् काय बोललात! म्हणं, “दादानं खाली ठेवलेलं शस्त्र मी उचललं, ही माझी चूक. मी मक्याच्या बांधावर बसलो होतो. समोर डुकरीण आली, मागं पिल्लं. तिनं माझ्याकडं बघितलं अन् मला दादाची आठवण झाली. मी रायफल सरकारजमा केली, आजपासून मटण सोडलं.” बायका रडल्या, माणसं रडली. शेजारच्या घरची म्हातारी तर हुंदके देत होती. मी बी पदर तोंडाला लावला. पण तो कशासाठी ते माझं मला ठाऊक.

मला एक सांगा. डोंगरकड्याची ती डुकरीण इतकी वर्षं जगली कशी, अन् गोरेगावला गेली कशानं? येष्टीनं? जरा दुसरं जनावर तरी धरायचं. रोही म्हणला असतात तर काय बिघडलं असतं?

अन् मटणाचं काहून बोललात? तेवढं कुणी मागितलं नव्हतं. रुख्मिणीचं तोंड मी बघितलं. तिच्या हातचा रस्सा गावात नावाजलेला, अन् आता तो तिनं एकटीनं खायचा. मारुतीच्या मंडळाची माणसं म्हणून राहिली, दोघा भावांचे फोटो शेजारी शेजारी लावू. मी म्हणलं, घाई करू नका, एक अजून हिंडतो हाय, शेंदूर लावला तर पळून जाईल.

तुमी ते माझ्यासाठी केलं न्हाई, हे मला कळतं. उपकार मानत न्हाई. तुमी बी मानले न्हाईत, फिटंफाट. शिवा मातर आल्यापासून तुमचंच नाव घेऊन राहिला. चार दिवस घेऊ दे, मग उतरंल.

मार्गशीर्ष सरला की एखाद्या रविवारी आखाड्यावर या. रुख्मिणीला आणा. रस्त्यानं येऊ नका, ओढ्याकडून या; फोटोतल्या माणसांनी कोंबडीच्या वासामागं जाताना दिसू नये. तुमच्या दादाची पितळी ताटली काढून ठेवली हाय, नागपंचमीचा पोचा अजून हाय तिला. अन् येताना माझी पुंगळी आणा. दाभण उघडं पडून राहिलं अन् काल मंजुषाच्या बोटात घुसलं.

शपथ तशीच हाय. मी तुमच्याशी बोलणार न्हाई. वाढणार न्हाई, अशी काही घेतली नव्हती.

नर्मदाबाई
(अंगठा)